‘म्हातारपणी’ला ‘द’ लागत नाही

(रामदासपेठ, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस इंग्रजी व्याकरणाच्या भानगडीत कशाला पडतो? तर त्याला आधार आहे. बर्ट्रांड रसेलचा १९०५ सालचा एक निबंध विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानात फार गाजला. त्या निबंधाचा गाभा काय, तर इंग्रजीतला ‘द’ हा एवढासा शब्द. पुढे १९१८ मध्ये युद्धविरोधी लेख लिहिल्याबद्दल रसेलला ब्रिक्सटनच्या तुरुंगात टाकलं. तिथे त्याने गणिताच्या तत्त्वज्ञानावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यातही एकवचनी ‘द’ला एक प्रकरण आणि अनेकवचनी ‘द’ला दुसरं, अशी वाटणी केली. म्हणजे आर्टिकल लिहिल्याबद्दल हा गृहस्थ आत गेला आणि आत बसून आर्टिकलवरच लिहीत राहिला! तो तुरुंगात बसून करू शकतो, तर आपण रामदासपेठेत पंख्याखाली बसून ‘द’चा विचार करायला काही हरकत नाही.

मी फक्त एकच कोपरा घेणार आहे. आयुष्याच्या अवस्था. बालपण, तारुण्य, मध्यमवय, निवृत्ती, म्हातारपण. यांच्याबद्दल इंग्रजीत बोलताना ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ कधी लागतं आणि कधी नाही? कोपरा लहान वाटतो, पण आर्टिकलचं सगळं राजकारण याच कोपऱ्यात सापडतं.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मराठी माणूस चुकतो. शाळेत हेच सांगतात, कोचिंग क्लासमध्येही हेच. मला या स्पष्टीकरणावर आज टीका करायची आहे. ते साफ खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि त्या अर्ध्याने बरंच नुकसान केलेलं आहे.

पहा, भारतीयांच्या इंग्रजीत आर्टिकलचं काय होतं यावर प्राध्यापक दस्तूर यांनी १९५०च्या दशकात बारकाईने लिहिलं. त्यांनी दोष वेगवेगळे केले. एक, जिथे आर्टिकल हवं तिथे नसणं. दुसरा, जिथे नको तिथे ते घुसणं. आता नीट विचार करा. मातृभाषेत आर्टिकल नाही म्हणून ते गळतं, हे पटतं. पण घुसतं कुठून? ‘इन द चाइल्डहुड’, ‘आफ्टर द रिटायरमेंट’, ‘इन द ओल्ड एज’ ही वाक्यं आपण रोज ऐकतो. यातला ‘द’ मराठीतून आलेला असूच शकत नाही. जे घरात नाही ते घरून कसं येणार?

तो ‘द’ भीतीतून आलेला आहे. ‘आर्टिकल विसरू नका, मार्क जातात’ असं दहा वर्षं ऐकलेला मुलगा नाम दिसलं की ‘द’ ठेवून देतो. देवळापुढून जाताना सवयीने हात जोडावेत तसा. आत कोणता देव आहे हे पाहायचंही नाही.

आता मराठी काय करते ते पाहू. आपण म्हणतो, ‘लहानपणी’, ‘तरुणपणी’, ‘म्हातारपणी’. एका शब्दात काम झालं. कोणाचं लहानपण, कोणतं लहानपण, काही विचारायचं नाही. ती अवस्था तेवढी सांगितली. इंग्रजीतलं ‘इन चाइल्डहुड’, ‘इन यूथ’, ‘इन ओल्ड एज’ नेमकं हेच आहे. आर्टिकल नाही, मालक नाही, निव्वळ अवस्था. म्हणजे मराठी माणसाने आपल्या ‘म्हातारपणी’वर विश्वास ठेवला असता, तर तो इथे चुकलाच नसता. त्याची भाषा त्याला बरोबर उत्तर देत होती. शाळेने त्या भाषेवरचा त्याचा विश्वास काढून घेतला.

‘आर्टिकल नसेल तर तो भेदच कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. संस्कृतमध्येही आर्टिकल नाही. पण ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय, समोरची ही एक गाय की सगळ्या गायींमधलं गायपण, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. पतंजलीच्या महाभाष्यात दोन पक्ष आहेत. व्याडी म्हणतो, शब्द वस्तू सांगतो. वाजप्यायन म्हणतो, शब्द सामान्य रूप सांगतो. न्यायसूत्रांनी तोडगा काढला, की व्यक्ती, आकृती आणि जाती हे तिन्ही शब्दाचे अर्थ आहेत. म्हणजे ‘अ काउ’, ‘द काउ’ यांच्यामागे जी विचारांची गाठ आहे, ती आर्टिकल नसलेल्या भाषेतल्या लोकांनी अगदी उकलून पाहिली होती. शब्द नसला म्हणजे समज नसते, असं होत नाही.

मग इंग्रजी जे काम आर्टिकलने करते, ते मराठी कशाने करते? बऱ्याचदा शब्दाच्या शेपटीने. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ‘यूथ’ हा शब्द. नुसतं ‘यूथ’ म्हटलं की तारुण्य. ‘अ यूथ’ म्हटलं की एक तरुण. वर्तमानपत्रात रोज कुठल्या ना कुठल्या गावात ‘अ यूथ’ला अटक होत असते. आणि ‘द यूथ’ म्हटलं की तरुणवर्ग, तरुणाई. शब्द एक, अर्थ तीन, आणि तिन्हींमधला फरक फक्त आर्टिकलने. मराठीत यांना तीन वेगळे शब्दच आहेत: तारुण्य, तरुण, तरुणाई. तोच फरक. इंग्रजीने तो डोक्यावर ठेवला, मराठीने शेपटीला बांधला. हे वर्गात पाच मिनिटांत समजावता येतं. पण आपण काय सांगतो? ‘यूथच्या आधी कधी अ, कधी द, कधी काहीच नाही, पाठ करा.’

पाठ करा म्हणणारं पुस्तक आपल्या पिढीला चांगलंच ठाऊक आहे: रेन अँड मार्टिन. यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथा त्यांचीच. पुस्तक उत्तम आहे, मी त्याच्यावरच वाढलो. त्यात नियम आहे, की भाववाचक नाम सामान्य अर्थाने आलं तर आर्टिकल नको. नियम बरोबर आहे. पण वर्गात त्याचा उत्तरार्ध गळाला. ‘सामान्य अर्थाने’ हे दोन शब्द बाजूला पडले आणि उरलं ते ‘चाइल्डहुडला आर्टिकल नको’. मग मुलगा ‘शी हॅड हॅपी चाइल्डहुड’ लिहितो, आणि तिथे मात्र ‘अ’ हवा असतो! ‘शी हॅड अ हॅपी चाइल्डहुड.’ मुलगा गोंधळतो. काल नको होतं, आज हवं कसं?

म्हणून माझी सूचना अशी, की नियम इंग्रजीत पाठ करू नका, प्रश्न मराठीत विचारा. चार प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: केव्हा? ‘केव्हा झालं हे?’ ‘लहानपणी.’ इथे आर्टिकल नाही. ‘इन चाइल्डहुड’, ‘इन मिडल एज’, ‘फ्रॉम इन्फन्सी टू ओल्ड एज’, ‘आफ्टर रिटायरमेंट’.

दुसरा प्रश्न: कसं? ‘कसं होतं बालपण?’ ‘सुखाचं.’ ‘कसं गेलं म्हातारपण?’ ‘एकाकी.’ आता बालपण अनेक तऱ्हांचं असू शकतं आणि त्यातलं हे एका तऱ्हेचं, असं आपण सांगतो आहोत. म्हणून ‘अ हॅपी चाइल्डहुड’, ‘अ लोनली ओल्ड एज’. पण लक्ष द्या, विशेषण दिसलं की ‘अ’ लावायचं, असा याचा अर्थ नाही. ‘अर्ली चाइल्डहुड’मध्ये विशेषण आहेच की! पण ते कसं सांगत नाही, केव्हा सांगतं. ‘अगदी लहानपणी.’ म्हणून ‘इन अर्ली चाइल्डहुड’, आर्टिकलशिवाय. विशेषण प्रकार सांगतंय की काळाचा तुकडा पाडतंय, एवढं पाहायचं.

तिसरा प्रश्न: कोणाचं? ‘माझ्या लहानपणी’ म्हणजे ‘इन माय चाइल्डहुड’. ‘माय’ आला की ‘द’ची जागा भरली. आणि मालक मागून ‘ऑफ’ लावून आला, तर पुढे ‘द’ येतो: ‘द चाइल्डहुड ऑफ’ अमुक एक. ‘इन द प्राइम ऑफ लाइफ’ किंवा ‘इन द इव्हनिंग ऑफ लाइफ’ यातला ‘द’ही याच घराण्यातला. आयुष्याची संध्याकाळ एकच असते. उगाच दोन मागू नका.

चौथा प्रश्न: कितव्या वर्षी? ‘ॲट द एज ऑफ सिक्स्टी.’ इथे ‘द’ का? कारण आकडा सांगितला की वयाच्या रेषेवर एकच बिंदू उरतो. रसेलचा ‘द’ तो हाच: अमुक वर्णनाची गोष्ट एक आहे आणि एकच आहे. एसटीचा प्रवास फुकट होतो तो ‘द एज ऑफ सेव्हन्टी-फाइव्ह’ गाठल्यावर. चौऱ्याहत्तरला कंडक्टर ऐकत नाही. पण ‘लहान वयात’ म्हणायचं असेल, तर लहान वयं पुष्कळ आहेत, म्हणून ‘ॲट ॲन अर्ली एज’.

आता वयाच्या दशकांकडे या. इथे मराठी तर इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे विशी आहे, तिशी आहे, चाळिशी आहे. चाळिशी लागते आणि नाकावरही बसते. साठी झाली की बुद्धी नाठी होते, असं लोक म्हणतात. मी सत्तरीत आहे, म्हणून त्या म्हणीवर बोलत नाही. तर ‘मी सत्तरीत आहे’ हे इंग्रजीत कसं सांगाल? ‘आय ॲम इन माय सेव्हन्टीज.’ आपल्याकडचे कितीतरी सुशिक्षित ज्येष्ठ म्हणतात, ‘आय ॲम इन द सेव्हन्टीज.’ अर्थ काय झाला? की हे गृहस्थ अजून १९७०च्या दशकात आहेत. आणीबाणी चालू आहे, गॅसला नंबर लावलेला आहे! मराठीत आपण असं कधीच चुकत नाही. ‘सत्तरीत’ वेगळं आणि ‘सत्तरच्या दशकात’ वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पुन्हा तेच: भेद आपल्याकडे आहे, फक्त वेगळ्या खिशात ठेवलेला आहे.

मग मराठीमुळे खरोखर कुठे चुकतं? ते प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी टीका एकांगी होईल. चुकतं ते ‘आहे’ आणि ‘होता’च्या आसपास. ‘मी विद्यार्थी असताना’ असं आपण म्हणतो. ‘मी एक विद्यार्थी असताना’ असं म्हणत नाही. म्हणून ‘व्हेन आय वॉज स्टुडंट’ असं तोंडून निघतं, आणि तिथे ‘अ’ हवाच असतो. ‘ॲज चाइल्ड’ हीसुद्धा त्याचीच बहीण. हवं ‘ॲज अ चाइल्ड’. गंमत म्हणजे ‘मी लहान असताना’ यात ‘लहान’ हे विशेषण आहे. त्याचं सरळ ‘व्हेन आय वॉज स्मॉल’ केलं तर काही बिघडत नाही, चांगलं घरगुती इंग्रजी आहे ते. बिघडतं ते मोठा शब्द वापरायला गेल्यावर. तेव्हा शिकवणाऱ्यांनी जोर द्यायचा तो या जागी. कोणी काय होतं, काय आहे, काय झालं, हे सांगताना ‘अ’ची आठवण करून द्या. बाकी ठिकाणी मराठीला तिचं काम करू द्या.

आणि उलट वाहतूकही सुरू आहे, बरं का! शाळेतल्या निबंधात मुलं लिहितात, ‘माझे बाबा एक शिक्षक आहेत.’ भाषणांमध्ये ‘ते एक थोर नेते होते.’ हा ‘एक’ कोणी मागितला होता? तो इंग्रजीचा ‘अ’ आहे, फेटा बांधून आलेला. म्हणजे इंग्रजीत आपण ‘अ’ गाळतो आणि मराठीत तो भरतो. दोन्हीकडे आपणच शंकेत.

आता जे बोलणार आहे, त्यासाठी खरं म्हणजे हा विषय घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवड समितीवर मी होतो. कुठली, हे सांगायची गरज नाही. समोर एक उमेदवार होता, खेड्यातून आलेला. ‘टेल अस अबाउट युअरसेल्फ’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘इन द चाइल्डहुड आय लॉस्ट माय फादर.’ समितीतले एक सद्गृहस्थ लगेच म्हणाले, ‘नो द.’ बस, एवढंच. मुलाने सांगितलं, की माझा बाप गेला, आणि त्याला उत्तर मिळालं, की ‘द’ नको. त्यानंतर त्या मुलाने ‘येस सर’, ‘नो सर’ याखेरीज काही म्हटलं नाही. मी पुढचा प्रश्न मुद्दाम मराठीत विचारला. तेव्हा तो बोलू लागला, आणि आईने शेतमजुरी करून कसं शिकवलं, कुठली पुस्तकं कुठे मिळाली, हे सगळं त्याने नीट सांगितलं. माणूस विचार करणारा होता. पहिल्या दोन मिनिटांत तो कोणाला दिसला नव्हता, कारण एक ‘द’ मध्ये उभा होता.

व्याकरण दृष्टीने त्या सद्गृहस्थांचं म्हणणं बरोबर होतं. पण एक प्रश्न विचारायला हवा होता: या चुकीने अर्थ बदलला का? ‘इन द चाइल्डहुड’ने कोणाचाही काडीचा गैरसमज होत नाही. ‘इन द सेव्हन्टीज’ने होतो. ‘यूथ’ आणि ‘द यूथ’मध्ये होतो. म्हणजे चुका दोन जातींच्या आहेत. अर्थ बदलणाऱ्या आणि फक्त कानाला खटकणाऱ्या. पहिल्या जातीला काटेकोर राहा, दुसरीला दिलदार राहा. आपण नेमकं उलट करतो. अर्थ बदललेला आपल्या लक्षात येत नाही आणि कानाला खटकलं की माणूस खाली बसवतो.

हे नागपूरकरांनी तरी करू नये. आपण ‘मी जेवण करून राहिलो’ म्हटलं, की पुण्याकडची मंडळी गालात हसतात. तेव्हा आपल्याला काय वाटतं? ‘अर्थ कळला ना तुला? मग हसतो कशाला?’ हा आपला बाणेदार सवाल एकदा ‘इन द चाइल्डहुड’ म्हणणाऱ्या पोराच्या वतीनेही विचारून पाहा.

शेवटी, आर्टिकल नसण्याला किती अर्थ असू शकतो, याचं एक मोठं उदाहरण देतो. आपलं संविधान इंग्रजीतून काढा आणि फक्त आयुष्याच्या अवस्था शोधा. अनुच्छेद २४ चौदा वर्षांखालच्या बालकाला कारखान्यात, खाणीत लावायला मनाई करतो. तिथे ‘चाइल्ड’ आहे आणि ‘द एज ऑफ’ आहे, म्हणजे व्यक्ती आणि आकडा. अनुच्छेद ३९ मध्ये दोन खंड लागोपाठ येतात. एकात मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरवापर होऊ नये, असं आहे. तिथे वय ‘ऑफ चिल्ड्रन’ आहे, मालक आहे, म्हणून ‘द’ आहे. लगेच पुढच्या खंडात ‘चाइल्डहुड’ आणि ‘यूथ’ यांचं शोषणापासून संरक्षण सांगितलंय, आणि तिथे ‘द’ नाही, मालक नाही. संरक्षण अमुक मुलाला नाही, खुद्द बालपणाला दिलं आहे. आणि अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, आजारपण यांच्या रांगेत ‘ओल्ड एज’ येतं, तेही मोकळंच. आर्टिकल ४१ मध्ये ओल्ड एजला आर्टिकल नाही!

हे लिहिणाऱ्यांनी ‘द ओल्ड’ लिहिलं असतं तरी इंग्रजी बरोबर झालं असतं. पण ‘द ओल्ड’ म्हणजे एक गट, आणि ‘द ओल्ड’ म्हणणारा माणूस नेहमी त्या गटाच्या बाहेर उभा असतो. ‘ओल्ड एज’ म्हटलं की ती अवस्था झाली. जिवंत राहिला तर जो तो तिथे पोचणार आहे. म्हणून वाटतं, की हा ‘द’ नसणं हीच त्या अनुच्छेदाची माणुसकी आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, मग शाळेत आर्टिकलचे नियम शिकवूच नयेत का?

उत्तर: जरूर शिकवावेत. मी नियमाच्या विरुद्ध नाही, नियम आधी आणि अर्थ नंतर या क्रमाच्या विरुद्ध आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मूल मराठी नीट लिहायला लागायच्या आतच इंग्रजी पुढे येतं. त्याला ‘लहानपणी’ आणि ‘माझं लहानपण सुखाचं होतं’ यातला फरक आधी मराठीत पाहू द्या. तो त्याला येतोच. मग सांगा, की इंग्रजीत पहिल्याला काही लागत नाही, दुसऱ्याला ‘अ’ लागतो. पाठ करायचं अर्ध्याहून कमी होईल.

प्रश्न: या भागात इतके दवाखाने आणि वृद्धांसाठी संस्था आहेत. पाटीवर ‘होम फॉर द एज्ड’ बरोबर की ‘ॲन ओल्ड एज होम’?

उत्तर: व्याकरण दोन्हींचं बरोबर आहे. ‘ॲन ओल्ड एज होम’मधला ‘ॲन’ ओल्ड एजचा नाही, ‘होम’चा आहे, हे ध्यानात ठेवा, त्यामुळेच पुष्कळांना ‘इन ॲन ओल्ड एज’ म्हणायची सवय लागते. पाटीवर ‘ॲन’ची गरजही नाही. पण मला विचाराल, तर पहिली पाटी एका गटासाठी घर बांधते आणि दुसरी एका अवस्थेसाठी. रस्त्याने जाणाऱ्या तिशीतल्या माणसाला पहिली पाटी सांगते, की आत ‘ते’ राहतात. दुसरी फक्त एवढंच सांगते, की असंही एक वय असतं. मी दुसरी पाटी लावीन.